गावपारध: वारसा म्हणून पुन्हा सुरू करावी का?

सड्यावरचा
वडिलांची केपाची एकनळी बंदूक सध्या पोलीस ठाण्यात जमा आहे. पंजोबांपासून घरात असलेली, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. वारसाला अर्ज करण्याची सोय 2016च्या शस्त्र नियमांत आहे. त्यावरून घरात दोन तट पडलेत. पण माझा प्रश्न बंदुकीपुरता नाही, गावपारधीचा, म्हणजे गावाने मिळून करायच्या शिकारीचा आहे.

आमचं गाव सिंधुदुर्गात, घाटाच्या पायथ्याशी. शिमगा आटोपला की देवळात गाऱ्हाणं घालून, म्हणजे देवाला साकडं घालून, जनावर उठवणारे हाकारी, कुत्रे आणि चार-पाच बंदूकवाले रानात शिरायचे. कुणी कुठल्या वाटेवर बसायचं ते घराण्यागणिक ठरलेलं. आमची जागा डुकरव्हाळ नावाच्या ओढ्याच्या तोंडाशी, जांभ्याच्या मोठ्या दगडाआड. आजोबांनी ती वडिलांना दाखवली, वडिलांनी मला. वारा कुठून येतोय ते आधी बघायचं. देवराईत शिरलेलं जनावर सोडायचं. पिल्लं मागे असलेली मादी सोडायची. ज्याचा बार लागला त्याला मुंडी, देवाचा वाटा वेगळा, कुत्र्यांचा वेगळा, उरलेलं घरटी. आजोबा म्हणायचे, "बार तुझो, रान गावाचा."

वीसेक वर्षांपूर्वी हे थांबलं. निम्मी घरं मुंबईला गेली, भाताचे कुणगे पडीक पडले, त्यात झुडपं माजली आणि डुकरांना दिवसा लपायला घराशेजारीच जागा झाली. आज नाचणी लावायची हिंमत होत नाही. सुरण, कणगीचे कंद तर एका रात्रीत उकरून टाकतात.

माझं मत असं: वनखात्याची लेखी परवानगी घेऊन, वर्षातून एकदा, फक्त डुकरापुरती पारध पुन्हा सुरू व्हावी. गावाला आपलं रान माहीत व्हायचं ते त्याच दिवशी. माझ्या मुलीला डुकरव्हाळ कुठे आहे हेही ठाऊक नाही.

रानवाट
दादा, पारध थांबली वीस वर्षांपूर्वी, पण वन्यजीव संरक्षण कायदा 1972चा आहे. म्हणजे तुम्ही सांगताय त्यातला बराच काळ तो गुन्हाच होता, आणि गावाला ते माहीत होतं.

मी शेजारच्याच तालुक्यातला. माझ्याही घरात बंदूक होती. नियमांबद्दल तुम्ही लिहिलंय ते खरं आहे, मी ते पाहिलंय. ते मोडताना पण पाहिलंय. आधी बॅटरी आली, मग गाडीच्या उजेडात रात्रीची शिकार, मग मटणाला शहरात गिऱ्हाईक. पिसोरी काय, भेकर काय, समोर येईल ते. आणि ज्यांच्याकडे बंदूक नव्हती त्यांनी फासक्या लावल्या. ब्रेकच्या तारेची फासकी डुकरासाठी लावतात आणि अडकतो बिबट्या. कंबरेत तार रुतलेला बिबट्या मी जवळून पाहिलाय. त्याचा तो आवाज अजून कानात आहे.

तुम्ही नेम धराल, वारा बघाल. पण तुमच्या मागून जी पोरं रानात शिरतील त्यांना देवराई आडवी येणार नाही. हाकेच्या गडबडीत सोबत्यालाच गोळी लागल्याच्या बातम्या आपल्याच जिल्ह्यांतल्या असतात.

कलम_वाचक
कायद्याचा एक मुद्दा, कारण मूळ प्रस्ताव परवानगीवर उभा आहे.

वन्यजीव कायद्याच्या कलम 11 प्रमाणे उभ्या पिकाला धोकादायक ठरलेलं रानडुक्कर मारायला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो, हे बरोबर. पण कलम 39 प्रमाणे असं मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता होतं. त्याचे वाटे घालता येत नाहीत. ना मुंडी, ना देवाचा वाटा. सड्यावरचा यांना जी पारध हवी आहे तिचा जीव वाट्यात आहे, आणि परवानगी मिळेल ती वाट्याशिवायची. ते पीक संरक्षण झालं, पारध नव्हे. दोन्ही एका अर्जात बसत नाहीत.

परंपरेचा आधारही टिकत नाही. 2006च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे पारंपरिक हक्क मान्य केले, पण शिकारीचा हक्क शब्द घालून वगळला. निकोबारच्या अनुसूचित जमातींसाठी वन्यजीव कायद्याच्या कलम 65 मध्ये शिकारीचा अपवाद आहे. जे गडचिरोलीच्या माडिया गोंड आदिवासींना मिळालं नाही ते कोकणातल्या मानकऱ्यांना कसं मिळावं?

नाचणीवाली
मी शेती करते, म्हणून डुकराचा प्रश्न मला कुणी समजावू नये. कापणीच्या आदल्या रात्री शेत लोळवलेलं बघून बांधावर बसून रडलेय. नुकसानीचा पंचनामा होईपर्यंत उरलेलं पीक हातात राहत नाही. रानवाट यांना बिबट्याचा आवाज आठवतो. माझा आवाज कुणी ऐकला?

पण "रान गावाचा" यावर बोलायचंय. कुठल्या गावाचं? आमच्याकडे बंदूक मानकऱ्यांच्या घरात आणि हाकारे खालच्या वाडीतले. काट्यांतून पळायचं त्यांनी, डुक्कर उलटलं तर मांडी फाटायची त्यांची. मुंडी बंदूकवाल्याची. बायकांना तर त्या दिवशी रानात यायलाच बंदी, रात्री मटण शिजवायला मात्र आम्ही. घरटी वाटा मिळायचा, पण कुणाचा आधी आणि कुठला तुकडा, ते जातीवर ठरायचं. डुक्कर मारायची परवानगी मला हवी आहे. पारध नको.

सड्यावरचा
ताई, खालच्या वाडीचं तुम्ही लिहिलंत ते आमच्याकडेही तसंच होतं. मी दगडाआड बसायचो म्हणून मला ते दिसलं नाही. हाकाऱ्यांपैकी एकाला सुळा लागला होता, तो शेवटपर्यंत लंगडत होता. मी लिहिताना तो आठवलाच नाही, याची लाज वाटते.

कलम 39 मला ठाऊक नव्हतं. वाटा नसेल तर गाऱ्हाणं कशाचं घालायचं, हा प्रश्न आहेच. तरी एक मान्य करणार नाही: पारध सोडून दिली तर रानातल्या वाटाही सोडल्यासारखंच होईल. आमच्या गावात दऱ्या-व्हाळांची निम्मी नावं शिकारीतून पडलीयत. ती सांगणारे आता दोघंच उरलेत, दोघंही ऐंशीच्या पुढचे. मे महिन्यात मुलीला घेऊन त्यांच्याबरोबर रानात जाणार आहे, बंदुकीशिवाय. बंदुकीचा अर्ज अजून भरलेला नाही.

रानवाट
जरूर जा. डुकरव्हाळापर्यंत जाताना काठी पुढे ठेवा आणि कुडणांच्या (कुंपणांच्या) भोकांपाशी नीट बघा, फासक्या तिथेच लावतात. दिसली तर फोटो काढून लगेच वनरक्षकाला कळवा. त्या दोघांपैकी एकाला वाटेत विचारा, पूर्वी तिथे कोळसुंदे (रानकुत्रे) यायचे का. मला ते ऐकायचंय.