विषय: पुन्हा: पुन्हा: वार्षिक अहवाल – तोंडं चपटी, एकाआड एक पान कोरं

प्रेषक: सचिव (टिळकवाडी, बेळगाव)

नमस्कार मंडळी,
अहवालाची पीडीएफ काल रात्री काढली. परत तेच. सभासदांची तोंडं आडवी पसरलेली, एकाआड एक पान कोरं, आणि पहिल्या पानावर बोधचिन्हाच्या जागी काळा चौकोन. शनिवारी सर्वसाधारण सभा आहे, प्रेसवाला गुरुवारी संध्याकाळपर्यंत फाइल मागतोय. गेल्या वर्षी अध्यक्षांच्या फोटोवरून काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे "चालतंय की" म्हणून सोडायचं नाही. पीडीएफ जोडली आहे. ज्यांना यातलं कळतं त्यांनी आजच बघा.

प्रेषक: वहिनी (वडगाव)

भाऊजी, पीडीएफ बघितली. महिला विभागाच्या पानावर आम्ही सगळ्या एकाच आईच्या लेकी दिसतोय, इतके गोल चेहरे! माझा फोटो काढा आणि नुसतं नाव ठेवा. हळदीकुंकवाचा फोटो तर आडवा झोपलाय, तो तेवढा उभा करा. बाकी अहवाल छान झालाय हो. फक्त बालवाचनालयाचा उल्लेख कुठे दिसला नाही, तो मुद्दाम गाळलाय का?

प्रेषक: नाना (शहापूर)

मी मागेच सांगितलं होतं, व्हॉट्सॲपवरचे फोटो छपाईला घ्यायचे नसतात. छपाईला 300 डीपीआय, म्हणजे इंचाला 300 ठिपके लागतात. आमच्या वेळी फोटोचा जस्ताचा ब्लॉक करून आणायचा, वर्तमानपत्राच्या कागदाला 65 चा स्क्रीन, म्हणजे इंचाला ठिपक्यांच्या 65 ओळी, आणि आर्टपेपरला 133 चा. कुणाचं नाक वाकडं आलं तर ब्लॉकवाल्याला जाब विचारता यायचा. आता सगळं कॉम्प्युटरवर, विचारायचं कुणाला? माझं म्हणणं, यादी आणि फोटो वेगवेगळे प्रेसला द्या. पोरगं बसून एकेक फोटो जागेवर लावेल. सॉफ्टवेअरनं अहवाल काढायचं खूळ डोक्यातून काढा.

प्रेषक: अण्णा (खजिनदार)

एकेक फोटो लावायचे पैसे प्रेसवाला वेगळे घेतो. गेल्या वर्षीचं बिल माझ्याकडे आहे. आणि ही कोरी पानं तो पानांत मोजणार का? आर्टपेपरचं तर नावच काढू नका.

प्रेषक: बापू (न्यू जर्सी)

साचा मी केलाय म्हणून लिहितो. माझ्याकडे हीच फाइल झकास छापली जाते. कोरं पान नाही, काही नाही. म्हणजे गडबड तिकडच्या प्रिंटरची किंवा सेटिंगची असणार. "फिट टू पेज" वर टिक आहे का बघा. दुसरं, साच्यात कुणी हात घातलाय का? मूळ साचा बदलायचा असेल तर आधी मला विचारायचं असं ठरलं होतं.

प्रेषक: सचिव (टिळकवाडी)

बापू, कुणी हात घातलेला नाही. दुसऱ्या गेटजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे छापलं, माझ्या घरच्या प्रिंटरवर छापलं, दोन्हीकडे तीच रड. आणि स्क्रीनवरच कोरी पानं दिसतात, म्हणजे प्रिंटरचा काय संबंध?
वहिनी, बालवाचनालय पान 11 वर आहे. म्हणजे कोरी पानं धरून 21.

प्रेषक: तात्यांचा नातू (बेंगळुरू)

सगळ्यांना नमस्कार. पीडीएफ उघडून मोजमाप घेतलं. तीन-चार वेगवेगळ्या भानगडी एकात मिसळल्यात.

कोरी पानं: त्या पानांवर डाव्या बाजूला एक बारीक उभी रेघ आहे, बघितली का? ती आधीच्या पानावरच्या तक्त्याची उजवी कड आहे. बापूकाकांनी साचा अमेरिकेतल्या लेटर कागदावर केलाय. लेटर 8.5 इंच रुंद, आपला ए-फोर 8.27 इंच. साच्यात मजकूर साडेसात इंच आणि दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच समास, म्हणजे बरोबर साडेआठ. लेटरवर काठोकाठ बसतं. सचिवकाकांनी कागद ए-फोर केला की जवळजवळ 6 मिलिमीटर उरतात, आणि सॉफ्टवेअर ते उरलेलं पुढच्या पानावर ढकलतं. "फिट टू पेज" नं हे सुटणार नाही, कारण पानं फाइल तयार होतानाच दोन झालेली असतात. साच्याची रुंदी 7.2 इंच करायची. मात्र आधी ती उजवी रेघ आत ओढून घ्या, नाहीतर रुंदी कमीच होऊ देत नाही.

चपटी तोंडं: नाना, रागावू नका, पण याचा डीपीआयशी काही संबंध नाही. पिक्सेल कमी पडले तर फोटो धूसर येतो, रुंद होत नाही. एक इंचाच्या फोटोला 300 पिक्सेल पुरतात आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोत त्याहून कितीतरी जास्त असतात. खरी गोष्ट अशी की साच्यातली फोटोची चौकट चौरस आहे. अमेरिकेत पासपोर्टचा फोटो 2 इंच बाय 2 इंच असतो, तिकडे चौरस चौकटच सुचणार. आपले स्टुडिओवाले 35 बाय 45 मिलिमीटरचा देतात. चौकटीची सेटिंग "स्ट्रेच" वर आहे, त्यामुळे उभा फोटो ताणून चौरसात भरला जातो आणि चेहरा उंचीच्या मानानं सव्वापटीहून थोडा जास्तच रुंद होतो. मोजून बघा, 45 भागिले 35. आपला अहवाल ज्या ॲक्सेस सॉफ्टवेअरमधून निघतो, त्यात याला साइझ मोड म्हणतात: क्लिप, स्ट्रेच आणि झूम. आपल्याला झूम हवं, म्हणजे फोटो प्रमाण न मोडता बसतो. तेवढंच केलं तर फोटोच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या येतील, म्हणून चौकट पण 28 बाय 36 मिलिमीटर करा, प्रमाण तेच राहतं.

झोपलेले फोटो: यात एक गंमत आहे. व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो सरळ आहेत आणि फोनमधून पेनड्राइव्हवर घेतलेले आडवे. फोन उभा धरला तरी पुष्कळदा चित्र आडवंच साठवलं जातं आणि "फिरवून दाखव" अशी एक टीप फाइलमध्ये असते. फोन ती टीप वाचतो, अहवालाचं सॉफ्टवेअर वाचत नाही. व्हॉट्सॲप पाठवतानाच फोटो फिरवून पाठवतं. वहिनी, तुमचा हळदीकुंकवाचा फोटो फोनवर उघडून कडेनं किंचित कापा आणि नवीन सेव्ह करून पाठवा.

काळा चौकोन: बोधचिन्हाची फाइल पीएनजी होती, मागची बाजू पारदर्शक. कुणीतरी ती जेपीईजी केली. जेपीईजीत पारदर्शक असा प्रकारच नाही, तिथे काळं भरलं गेलं. मूळ पीएनजी पांढऱ्यावर ठेवून परत काढली की झालं.

प्रेषक: बापू (न्यू जर्सी)

बाळ, समजावलंस चांगलं. पण इथे दुकानात ए-फोर कागद शोधावा लागतो, सगळे लेटरच वापरतात. साचा मागितला तेव्हा कागद कुठला हे मला कुणी सांगितलं नव्हतं, जुने मेल काढून बघा. रुंदी आणि चौकट मी आज रात्री बदलतो, म्हणजे तुमची सकाळ होईस्तोवर. दोन साचे नकोत. मूळ प्रत माझ्याकडेच राहील आणि नावात "ए-फोर" असेल.

प्रेषक: अक्का (खानापूर)

सगळ्यांनी फोटोचं धरलंय, पण कन्नड यादीकडे कुणाचं लक्ष आहे का? शेवटच्या दोन पानांवर नावांच्या जागी नुसते डबे आलेत. सभा झाली की कार्यकारिणीची यादी आणि ताळेबंद रजिस्ट्रारकडे द्यायचा असतो. कर्नाटकाचा 1960 चा संस्था नोंदणी कायदा काही तुमच्या फोटोसाठी थांबत नाही. टेबलावर बसलेली बाई डबे वाचणार काय?

प्रेषक: तात्यांचा नातू (बेंगळुरू)

अक्का, बरं झालं लिहिलंत. मराठीसाठी मंगल फाँट लावलाय, त्यात कन्नड अक्षरंच नाहीत. निर्मला यूआय लावा, त्यात देवनागरी आणि कन्नड दोन्ही आहेत. पीडीएफ काढताना फाँट आत घालायची टिक राहू द्या, नाहीतर प्रेसच्या मशीनवर परत डबे.

प्रेषक: नाना (शहापूर)

डीपीआयचं मी चूक बोललेलो नाही. मुखपृष्ठावर पूर्ण पान फोटो आहे, त्याला 2480 बाय 3508 पिक्सेल लागतात, आणि तो व्हॉट्सॲपचाच आहे. तो तरी मूळ मागवा.

आणि आतला 1946 च्या मराठी साहित्य संमेलनाचा फोटो? माडखोलकर अध्यक्ष होते ते बेळगावचं संमेलन, जिथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. माझे वडील मांडवात स्वयंसेवक होते. मागच्या रांगेत डोकं तेवढं दिसतं, टोपीवरून मी ओळखतो. कुणीतरी जुन्या स्मरणिकेतून स्कॅन केलाय आणि त्यावर लुगड्याच्या चौकड्यासारखी जाळी आलीय. छापील फोटोत आधीच ठिपके असतात, त्यावर प्रेसचे ठिपके बसले की दोन्हींची मारामारी होते. स्कॅनरमध्ये डिस्क्रीन नावाचं बटण असतं, ते लावून परत स्कॅन करा. नाहीतर माझ्याकडे मूळ प्रिंट आहे. पण ती घराबाहेर जाणार नाही. ज्याला पाहिजे त्यानं स्कॅनर घेऊन यावं.

प्रेषक: वहिनी (वडगाव)

नाना, लुगड्याचं उदाहरण राहू द्या. फोटो कापून पाठवलाय, आता सरळ आहे. माझा सभासदाचा फोटो पण ठेवा मग, चौकट बदलणार असाल तर.

प्रेषक: अण्णा (खजिनदार)

मुखपृष्ठ रंगीत की काळं-पांढरं, हे अजून कुणी बोललं नाही. रंगीत असेल तर त्याचा दर वेगळा.

प्रेषक: सचिव (टिळकवाडी)

बापूंचा नवा साचा आला, पीडीएफ काढली. कोरी पानं गेली, तोंडं जागेवर, कन्नड नावं वाचता येतात. पण प्रेसवाल्यानं फाइल उघडली आणि मराठीतल्या वेलांट्या भलत्याच अक्षरांवर गेल्या. "कार्यकारिणी" ओळखू येईना. माझ्या मशीनवर तीच पीडीएफ ठीक आहे. आता हे काय?

प्रेषक: नाना (शहापूर)

तो पीडीएफ थेट छापत नाही, कोरल नावाच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो. त्याची सगळी कामं जुन्या श्री-लिपी फाँटात चालतात, युनिकोडची सवय नाही. उघडताना मजकूर टेक्स्ट म्हणून घेतला की असं होतं. "कर्व्ह्ज" निवडायला सांगा, म्हणजे अक्षरं चित्रासारखी येतात आणि हलत नाहीत. फक्त मग त्यात चूक दुरुस्त करता येत नाही, म्हणून प्रूफ आधी कागदावर वाचा. मी वाचतो, चष्मा नवीन आहे.

प्रेषक: बापू (न्यू जर्सी)

बघा, म्हणजे हे साच्यातलं नव्हतं.

प्रेषक: अक्का (खानापूर)

कन्नड पानं पण कर्व्ह्ज करून घ्या. आणि माझ्या वडिलांच्या नावातला "ಳ" (ळ) एका ठिकाणी "ಲ" (ल) झालाय, तो टायपिंगचा घोळ आहे, फाँटचा नाही. यादी टाइप कुणी केली?

प्रेषक: सचिव (टिळकवाडी)

अक्का, दुरुस्त केलं. कर्व्ह्ज करून नीट आलं. मुखपृष्ठाचा मूळ फोटो मेलवर मिळाला. अण्णा, मुखपृष्ठ एकरंगी, वाद नको. प्रूफ उद्या दुपारी मिळेल. नाना, संध्याकाळी स्कॅनर घेऊन तुमच्याकडे येतो, त्याच वेळी प्रूफ पण आणतो.

प्रेषक: नाना (शहापूर)

सहाच्या आत या. सहानंतर लाईट जाते आमच्या गल्लीत. आणि प्रूफ ए-फोरवरच काढून आणा.