संक्रांतीसाठी हाताने ग्रीटिंग: वॉटरकलर आणि एम्बॉसिंग, बजेट १५००, सल्ला हवा

रंगपेटी_सोलापूर
नमस्कार. यंदा बाहेरगावच्या नातेवाइकांना तिळगुळासोबत माझ्या हातची ३० ग्रीटिंग पाठवायची आहेत. चित्र गड्ड्याचं, म्हणजे आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचं: नंदीध्वज (यात्रेतल्या सजवलेल्या उंच काठ्या), मागे सिद्धेश्वराचं तळं, पुढे बाराबंदीतले (बंदांच्या पारंपरिक अंगरख्यातले) मानकरी. बाराबंदी पांढरीशुभ्र आणि हाताला लागेल अशी उठावदार हवी. कॅमलचे रंग आणि ब्रश आहेत. कागद आणि एम्बॉसिंगचं सामान १५०० मध्ये बसवायचंय. एम्बॉसिंगमध्ये पॅडच्या ओल्या शाईवर पावडर टाकून ती गरम हवेने वितळवतात, की उठाव येतो. त्यासाठी गरम हवा फेकणारी हीट गन घ्यावीच लागते का? हेअर ड्रायर चालेल?

टिळकचौक७२
ड्रायर अजिबात नको ताई. दिवाळीत मी तेच केलं. पावडर वितळायच्या आधीच उडाली, दोन दिवस फरशी पुसत होते. ड्रायरला वारा जास्त, उष्णता कमी.

पुण्याहून_आणलेलं
हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जा, अप्पा बळवंत चौकात सगळं मिळतं. मी शंभर टक्के कॉटनचा ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड) कागद, हीट गन, सहा रंगांच्या पावडरी आणि डाय कटिंगचं मशीन घेतलं. साडेनऊ हजार गेले, पण माझी कार्डं बघून लोक विकत मागतात.

रंगपेटी_सोलापूर
दादा, बजेट १५०० आहे.

पुण्याहून_आणलेलं
मग निदान कागदात काटकसर करू नका. साध्या ड्रॉइंग शीटवर दुसरा हात दिला की कागदाचे गोळे निघतात.

जुळे_सोलापूरकर
हार्डवेअरच्या दुकानातली गन घ्या. माझा भाऊ वायरिंगची कामं करतो, त्याचीच मी वापरतो. कमी सेटिंगवर ठेवा, आधी दहा-पंधरा सेकंद रिकामी चालवा, मग वीतभर लांब धरा. पावडर चकाकली की लगेच पुढे सरका. जास्त तापली तर कागदात मुरते आणि उठाव जातो. आणि क्रम चुकवू नका: आधी एम्बॉसिंग, मग रंग. वितळलेल्या पावडरीवर पाणी थांबत नाही, बाराबंदी आपोआप पांढरी राहते.

कोरडी_हवा
पॅड पिगमेंट शाईचंच घ्या. साध्या पॅडची शाई पावडर टाकेपर्यंत सुकते, माझे १२ कागद तसे वाया गेले. शिवाय आपल्याकडे थंडीत हवा कोरडी, पावडर नको तिथे चिकटते. टाल्कम पावडरची पुरचुंडी आधी कागदावर फिरवा.

बाळीवेस_वाला
मानकरी काढताय ते ठीक, पण नंदीध्वज किती काढणार? सातच पाहिजेत. कुठल्याही चित्रात दोन-तीन काठ्या बघितल्या की जीव तुटतो बघा.

पुण्याहून_आणलेलं
एवढ्याशा कार्डावर सात काठ्या म्हणजे नुसतं कुंपण दिसेल.

बाळीवेस_वाला
यात्रा सात नंदीध्वजांची आहे. जागा नसेल तर माणसं कमी करा, ध्वज नाही.

हौशी_काकू
हेअर ड्रायर चालत नाही हं, मीही करून बघितलं. पांढऱ्या ऑइल पेस्टलने बाराबंदी काढून वरून रंग फिरवा, दहा रुपयांत काम होतं.

कोरडी_हवा
काकू, पांढरं राहील, पण उठाव कुठून येणार?

टपालवाले_आजोबा
मी ३१ वर्षं टपालात होतो. तिळगूळ पाकिटात घालू नका, तिळाचं तेल चित्रात उतरतं. पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमपर्यंत. ए-५ आकाराचा ३०० जीएसएमचा कागद एकटाच नऊ ग्रॅमच्या वर भरतो. त्यावर दुसरा जाड कागद डकवलात आणि पाकीट धरलंत, की काठावर येता. एक कार्ड आधी वजन करून बघा.

चित्रकला_बाई
पावडर, गन काहीच नको. वर्गात आम्ही कोरडं एम्बॉसिंग करायचो. जुन्या एक्स-रेच्या फिल्ममध्ये बाराबंदीचा आकार कापायचा. कागदाच्या चित्र असलेल्या बाजूवर फिल्म चिकटवून दोन्ही उलटं काचेवर ठेवायचं, काचेखाली दिवा. मग संपलेल्या रिफिलने मागून कडेकडेने दाबायचं. रंगकाम आधी करून पूर्ण वाळू द्या, कारण नंतर पाणी लागलं की उठाव बसतो. ३०० जीएसएमला हात दुखेल आणि दिवाही नीट दिसणार नाही. २०० पुरे.

जुळे_सोलापूरकर
बाई, टपालात शिक्के बसतात, ते चपटं होऊन पोचेल. गनच घ्या ताई.

टिळकचौक७२
मलाही गनच बरी वाटते.

पुण्याहून_आणलेलं
२०० जीएसएमवर वॉटरकलर? पापड होईल.

रंगपेटी_सोलापूर
सगळ्यांचे मनापासून आभार. गन घेतली नाही. नवी पेठेतून २०० जीएसएमचे कागद, मास्किंग टेप आणि पाकिटं आणली, ७४० रुपये झाले. कागद चारही बाजूंनी टेपने पाटावर चिकटवून रंगवला, रात्रभर तसाच ठेवला, पापड झाला नाही. आईच्या गुडघ्याच्या एक्स-रेमधून बाराबंदी कापली. पहिल्या दोन कार्डांत रिफिलचं टोक कागदातून आरपार गेलं, मग टोक बोथट केलं. तिसऱ्यावर बोट फिरवलं तेव्हा बाराबंदीची कड लागली, आणि मला तेवढंच हवं होतं. काका, कार्ड आडवं धरलं, मानकरी दोनच ठेवले. नंदीध्वज सातही बसले.

बाळीवेस_वाला
फोटो टाका की!