भाचीला नीटला ३१२ आणि फोनवरचा माणूस म्हणतो सीट पक्की, काय करावं?

गोदाकाठचा_मामा

नमस्कार मंडळी. भाचीबद्दल विचारायचंय. यंदा म्हणजे २०२५ ला नीट (डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा) दिली तिनं, ७२० पैकी ३१२ आले. बायोलॉजी २१४, केमिस्ट्री ६३, फिजिक्स ३५. आम्ही परभणीकडचे, ओबीसी, दाजींचं खताबियाण्याचं छोटं दुकान आणि थोडी कोरडवाहू जमीन, उत्पन्न आठ लाखाच्या बरंच आत.

निकालावर 'क्वालिफाइड' लिहून आलं म्हणून दाजींनी गल्लीत पेढे वाटले, आणि तेव्हापासून फोन थांबेनात. नंबर कुठून मिळाला यांना देव जाणे. एक जण म्हणतो पुण्याकडच्या एका कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून सीट पक्की करून देतो, दोन लाख टोकन आजच टाका, उद्या सीट राहील का सांगता येत नाही. दुसरा म्हणतो उझबेकिस्तानला पाठवा, सगळं मिळून २५ लाख, मेसमध्ये भाकरीसुद्धा मिळते म्हणे. दाजी या दुसऱ्याकडे झुकलेत, रोडलगतचा तुकडा काढायची भाषा चालू आहे. ताई म्हणते गपचूप बीएएमएस करू दे. आणि पोरगी काहीच बोलत नाही, विचारलं की "तुम्ही ठरवा" म्हणते आणि खोलीत जाते.

तर ३१२ वर आपल्याकडे एमबीबीएस लागतं का? नसेल तर ड्रॉप (वर्षभर थांबून परत नीट), आयुर्वेद की परदेश? या क्षेत्रातलं आमच्या घरात कुणीच नाही, म्हणून इथं विचारतोय.

सेतूवाला

मामा, ते टोकन भरू नका. बाकीचं खाली सावकाश वाचा.

मी तालुक्याला फॉर्म भरायचं केंद्र चालवतो, निकालापासून दिवाळीपर्यंत माझ्याकडं हेच चालतं. एमबीबीएसची सीट कुणाच्याही खिशात नसते. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजच्या ८५ टक्के सीटा सीईटी सेल (राज्याचं प्रवेशाचं कार्यालय) भरतं, उरलेल्या १५ टक्के दिल्लीची एमसीसी, म्हणजे केंद्राची प्रवेश समिती. डीम्ड विद्यापीठं (विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या संस्था) पूर्ण एमसीसीकडं. खाजगी कॉलेजांचं काम परत सीईटी सेलकडं, आणि त्यातला जो १५ टक्के इन्स्टिट्यूट कोटा असतो, ज्याला हे लोक मॅनेजमेंट मॅनेजमेंट म्हणून विकतात, त्यालाही नीटचीच मेरिट लागते. मग हा फोनवाला करतो काय? तुमचाच लॉगिन पासवर्ड घेतो, पसंतीक्रम भरतो, सीट लागली तर "मी लावली", नाही लागली तर फोन स्विच ऑफ. कॅपिटेशन फी (सीटसाठी ठरलेल्या फीच्या वर मागितलेले पैसे) घेणं आपल्याकडं १९८७ च्या कायद्यानं गुन्हा आहे पण पावतीच नसते तर तक्रार कशाच्या जोरावर करणार.

आता क्वालिफायचं. यंदा, २०२५ ला, ओपनला १४४ वर क्वालिफाय होतं, ओबीसीला ११३ वर. देशात १२ लाख ३६ हजारांवर पोरं क्वालिफाय झाली आणि एमबीबीएसच्या सीटा सव्वा लाखाच्या घरात, त्यातल्या जवळपास अर्ध्या खाजगी. म्हणजे क्वालिफाय झालं म्हणजे फक्त रांगेत उभं राहायची परवानगी मिळाली. ३१२ वर सरकारी विसरा, खाजगीत स्टेट कोट्यातून पण मी तरी आशा दाखवणार नाही. डीम्ड शेवटच्या फेऱ्यांत बरंच खाली येतं हे खरं, पण तिथं बऱ्याच ठिकाणी फी वर्षाला वीस लाखाच्या पुढं आहे, साडेचारनं गुणा आणि हॉस्टेल मेस वेगळं धरा.

आणि कुणी २०२४ चे कटऑफ दाखवले तर बघू नका. त्या वर्षी ७२० पैकी ७२० वालेच सुधारित निकालात १७ होते, यंदा पहिल्या नंबरचे ६८६ आहेत. मार्क सोडा, स्टेट मेरिट नंबर बघा.

कागद आहेत का सगळे? जातीची व्हॅलिडिटी (जात पडताळणी) झालीय का?

न्यूटनचा_शेजारी

मी फिजिक्स शिकवतो, रिपीटर बॅचला. सेतूवाल्यांचं सगळं बरोबर, पण ३१२ या आकड्यावर निर्णय घेऊ नका, तो आकडा फोडून बघा.

बायोला ३६० पैकी २१४ म्हणजे पोरीनं वाचलंय. फिजिक्सला १८० पैकी ३५ आहेत, पण यंदाचं फिजिक्स चांगल्या चांगल्यांना रडवून गेलं, त्यात पर्यायी प्रश्न काढून टाकले, पूर्वी २०० मिनिटं होती ती १८० झाली. तिच्या मेलवर ओएमआरची (उत्तरपत्रिकेची) कॉपी आली असेल, ती उत्तरसूचीशी जुळवा आणि फिजिक्समध्ये किती बरोबर, किती चूक आणि किती सोडले एवढं सांगा. मग ड्रॉपवर बोलू.

ड्रॉपला वयाची वरची अट आता नाही, किती वेळा द्यायची त्यालाही मर्यादा नाही, त्यामुळं क्लासवाले सगळ्यांनाच ड्रॉप घ्या म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. बायो १५० आणि बाकी सगळं असंच असतं तर मी सरळ नको म्हणालो असतो.

बिश्केक_रिटर्न

दाजींना हे वाचून दाखवा प्लीज.

मी किर्गिझस्तानातून केलंय. २५ लाखात "सगळं मिळून" असं मलाही सांगितलं होतं, आकडा तेव्हा कमी होता. त्या सगळं मिळूनमध्ये व्हिसा रिन्यूअल, सुट्टीतलं विमान, थंडीचे कपडे, हॉस्टेल बदललं की नवीन डिपॉझिट यातलं काहीच नव्हतं, आणि पैसे युनिव्हर्सिटीच्या खात्यात न भरता एजंटच्या माणसाकडं डॉलरमध्ये रोख द्यायचे. पावती मागितली तर म्हणे इथं अशीच पद्धत आहे.

लेक्चर इंग्लिशमध्ये असतं, म्हणजे कागदावर असतं. पण वॉर्डमध्ये पेशंट रशियन नाहीतर किर्गिझ बोलतो. आम्ही पंधरा-वीस जण एका खाटेभोवती उभे, पुढचे दोघं जे काही समजेल ते लिहून घेणार, मागचे मोबाईलवर. छातीला स्टेथो लावून मर्मर (हृदयाचा वेगळा आवाज) ऐकायचा म्हणतात तो मी पहिल्यांदा नीट ऐकला इथं परत येऊन इंटर्नशिप करताना.

परत आलं की एफएमजीई, बाहेरून शिकून आलेल्यांची इथली परीक्षा. ३०० प्रश्न, १५० पाहिजेत, वर्षातून दोनदा होते. पासचं प्रमाण कधी दहा टक्क्यांच्या आसपास तर कधी तिशीच्या जवळ, त्याच्या वर क्वचितच. पास झाल्याशिवाय तुम्ही भारतात डॉक्टर नाही, साधं प्रिस्क्रिप्शन लिहिता येत नाही. माझी निघाली एकदाची. माझा रूममेट अजून औषध कंपनीत एमआर आहे, घरी सांगितलंय हॉस्पिटलमध्ये नोकरी आहे.

नियम २०२१ चे आहेत, एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) साईटवर आहेत, एजंटला त्यातलं एकेक विचारा. कोर्स किमान ५४ महिन्यांचा आणि सगळा एकाच संस्थेत पाहिजे. इंग्रजी माध्यम पाहिजे. त्यानंतर १२ महिने इंटर्नशिप तिथंच, मग भारतात परत १२ महिने. आणि त्या देशात तिथल्या माणसाला जसं प्रॅक्टिसचं लायसन्स मिळतं तसं तुम्हाला मिळायला पाहिजे, ही अट सगळ्यात जास्त लपवतात. फिलिपिन्सला गेलेल्या कितीतरी पोरांची बीएसची (तिथल्या मेडिकलच्या आधीच्या पदवीची) वर्षं धरलीच गेली नाहीत.

बाकी २०२२ ला युक्रेनमधून पोरं कशी आली ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. मे २०२४ मध्ये बिश्केकला जमावानं परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलांवर हल्ले केले तेव्हा माझे ज्युनिअर खोलीला आतून कपाट लावून बसले होते.

रशियन_सॅलड

एवढं पण घाबरवू नका हो. माझा धाकटा भाऊ रशियातून करून आला, पहिल्याच झटक्यात एफएमजीई निघाली, आज आयसीयूत ड्युटी करतो. आमच्या वडिलांनी पण जमीनच विकली होती. तो पहिल्या वर्षापासून इथली पुस्तकं घेऊन बसायचा, रशियन नीट शिकला, पार्ट्या नाही काही नाही. इथं ड्रॉपवर ड्रॉप घेऊन वय घालवणारी पोरं काय कमी आहेत का?

बिश्केक_रिटर्न

@रशियन_सॅलड असे आहेत की, नाही कोण म्हणतंय. पण त्यांच्याच जोरावर बाकीच्यांना माल विकला जातो. आणि खरं सांगायचं तर ज्याच्यात तेवढी शिस्त आहे त्यानं एक वर्ष इथंच लावलं तर सीट इथंच निघते. पार्ट्यांना मी पण गेलो नव्हतो भाऊ.

काढा_घ्या

बीएएमएस केलेली आहे, दवाखाना तालुक्याच्या गावी, नवरा पण बीएएमएस.

ताईंचं म्हणणं वाईट नाही मामा, पण "गपचूप बीएएमएस" हा शब्द काढा आधी. एमबीबीएस नाही लागलं म्हणून आयुर्वेद अशी जी पोरं येतात ती पहिल्या वर्षी पदार्थविज्ञान आणि अष्टांगहृदयाचे श्लोक पाठ करताना रडतात, संस्कृत शाळेत सोडलेलं असतं. साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे वेळ एमबीबीएसएवढाच. मन नसेल तर फार लांब वाटतो.

नोकऱ्या आहेत. १०८ च्या ॲम्ब्युलन्सवर डॉक्टर असतात त्यातले बरेच आमचेच. उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी, शाळा तपासणीच्या आरबीएसके टीममध्ये आमचेच. पण बरीचशी कंत्राटी आहेत आणि पगार ऐकून दाजी खूश होतील असं नाही. शहरात मोठ्या हॉस्पिटलात आरएमओ म्हणून रात्रपाळ्या करणारे पण पुष्कळ. स्वतःचा दवाखाना टाकला आणि गावात टिकलात तर मात्र चांगलं चालतं, आमचं चालतं.

अजून एक कुणी बोललं नाही ते सांगते. जुलै २०२४ चा जीआर आहे, ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षण) मुली, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखापर्यंत, व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. खाजगी कॉलेजला पण लागू, फक्त सीट कॅप राउंडमधून (सीईटी सेलच्या फेरीतून) मिळालेली पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यात किंवा डीम्डला गेलात की ही सवलत गेली. म्हणजे फोनवाला तुम्हाला दोन लाख घेऊन फुकटातल्या रांगेतून बाहेर काढतोय. हॉस्टेल आणि बाकीचे खर्च वेगळे, ते कॉलेजवाले लावतातच.

फिजिओ पण बघा, आपल्याकडं तेही नीटवरच आहे. नर्सिंगची सीईटी वेगळी.

गोदाकाठचा_मामा

सगळ्यांचे खूप आभार. काल ताईकडं गेलो, दाजी दुकानात होते तेवढ्यात भाचीला घेऊन ओएमआर काढला.

@न्यूटनचा_शेजारी फिजिक्स १२ बरोबर, १३ चूक, २० सोडले. केमिस्ट्री १८ बरोबर, ९ चूक, बाकी सोडले. बायो ५८ बरोबर, १८ चूक.

जुळवताना पोरगी पहिल्यांदा बोलली. तिच्या कॉलेजात क्लासशी टायअप होतं, बारावीला फिजिक्सचे सर मध्येच सोडून गेले आणि पुढं कुणी आलंच नाही, रोटेशनल मोशन आणि करंट हे तिनं यूट्यूबवर बघितलं. घरी का नाही सांगितलं तर म्हणे बाबांनी वर्षाची फी आधीच भरली होती. तिला एक वर्ष पाहिजे. पण परत बारा तासवाल्या हॉस्टेलात नको म्हणते. आणि परदेशाचं नाव काढलं तर मान हलवली नुसती, नाही म्हणून.

दाजींना बिश्केकवाल्यांचं वाचून दाखवलं. म्हणाले, "हा एकटाच असेल तसा." तुकड्याचं गिऱ्हाईक बघायला मात्र अजून गेले नाहीत.

व्हॅलिडिटीची फाईल टाकलीय, पावती आहे. नॉन क्रिमिलेअर (उत्पन्न मर्यादेत असल्याचा ओबीसीचा दाखला) मागच्या वर्षीचं आहे.

न्यूटनचा_शेजारी

बघा, १३ चूक म्हणजे १३ मार्क नुसते तुक्क्यात गेले, बायोत अजून १८. हातच न लावता ३१ वाढले असते. बायोचे जे १४ कोरे सोडलेत ते एनसीईआरटीच्या कुठल्या धड्यातले ते तिला शोधायला लावा, दोनचार धड्यातच सापडतील बहुतेक. फिजिक्सला अख्खा सिलॅबस एका वर्षात नाही होणार म्हणून घाबरवतील, होतो. मेकॅनिक्स, करंट, ऑप्टिक्स, मॉडर्न एवढं पक्कं करून ९०-१०० पर्यंत जाणारी पोरं दरवर्षी बघतो.

एवढ्यानं सरकारी सीट लागेल असं मी लिहून देत नाही. ड्रॉप घ्यायला हरकत नाही एवढंच म्हणतो. हॉस्टेल नको तर नको, परभणीत टेस्ट सिरीज लावा आणि फिजिक्सला एक चांगला माणूस गाठा, बाकी ती घरी करेल.

सेतूवाला

पावतीवर विसंबू नका मामा. व्हॅलिडिटीचं प्रमाणपत्र वेळेत हातात आलं नाही तर पोरगी ओपनमध्ये जाते, मग मेरिट नंबर चांगला असून उपयोग नाही आणि ती फी माफी पण गेली. उद्याच समाजकल्याणच्या इमारतीत पडताळणी समितीकडं जा, फाईलला त्रुटी लागलीय का विचारा. बहुतेक वेळा आजोबांच्या नाहीतर चुलत आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर अडतं. जुना निर्गम उतारा असेल तर सोबत न्या. नॉन क्रिमिलेअर नवीन काढा, २०२५ च्या प्रवेशाला ते ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध पाहिजे. आयुषचा १५ टक्के ऑल इंडिया भरणार असाल तर केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी वेगळं लागतं, तहसीलला तसं स्पष्ट सांगा नाहीतर राज्याचंच देतात.

ड्रॉपचं ठरलं तरी फॉर्म भरून ठेवा, एमबीबीएस बीडीएस आणि आयुष सगळे. फॉर्म भरला म्हणजे सीट घ्यावीच लागते असं नाही, पण सीट घेऊन मध्येच सोडायची असेल तर शेवटची तारीख आणि दंड आधी माहितीपत्रकात वाचा. लॉगिन, पासवर्ड आणि ओटीपीचा मोबाईल नंबर भाचीचाच ठेवा. दाजींचा नको, फोनवाल्याकडं त्यांचा नंबर आहे.