एअर सस्पेन्शन: नवा हाइट सेन्सर टाकला तरी पुढच्या उजव्या बाजूचा कोड परत येतोय

पूर्णाकाठ_परभणी:
चारी चाकांना एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या) असलेली एसयूव्ही आहे. पहिला मोठा पाऊस झाल्यापासून डॅशबोर्डवर पिवळा दिवा यायलाय. स्कॅनरवर पुढच्या उजव्या हाइट सेन्सरच्या (त्या कोपऱ्याची उंची मोजणाऱ्या) सर्किटचा फॉल्ट कोड दिसतो. पुसला की जातो, खराब रस्त्याला लागलं की परत. रात्रभर उभी ठेवली तरी गाडी खाली बसत नाही. सेन्सर नवा टाकला, तरी तेच. आता गॅरेजवाले सस्पेन्शनचं कंट्रोल मॉड्यूल बदला म्हणायलेत. वायरिंग नेमकं कसं तपासायचं?

ऑटोवायरमन_जालना:
दादा, मॉड्यूल विकत घेऊ नका. त्या कोडचा अर्थ एवढाच की त्या सर्किटचं व्होल्टेज हद्दीबाहेर गेलं. सर्किट म्हणजे सेन्सर, वायरी, प्लग, सगळंच. गाडी रात्रीत बसत नाही म्हणजे हवा गळत नाही. सेन्सर बदलून फरक नाही आणि दणका बसला की कोड येतो, म्हणजे बहुतेक वायर किंवा पिन.

आधी जॅक मोड (गाडी आपोआप उंची बदलत नाही ती सेटिंग) चालू करा आणि चेसिसखाली स्टँड लावा. नुसत्या हवेवर उभ्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, मॉड्यूलनं व्हॉल्व्ह उघडला की गाडी खाली येते.

प्लग लावलेलाच ठेवून सीलमागून बारीक पिन सरकवा. इन्सुलेशनला भोक पाडू नका, तिथूनच पाणी शिरतं. तीन वायरींच्या साध्या सेन्सरला एकीवर ५ व्होल्ट, दुसरी अर्थ (अर्थिंगची) आणि तिसरीवर सिग्नल असतो, साधारण ०.५ ते ४.५ व्होल्ट. सेन्सरची लिंक सोडवून दांडी हळू हळू हलवा, सिग्नल मधे कुठंही न तुटता चढला-उतरला पाहिजे. काही गाड्यांत सिग्नल पल्सचा असतो, तिथं स्कोप (सिग्नलची लाट दाखवणारं यंत्र) लागतो; म्हणून वायरिंग डायग्राम हाताशी ठेवा. अर्थच्या पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ०.१ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थ खराब.

लातूर_गॅरेज:
नुसत्या ओहमवर जाऊ नका. गाडी उभी असताना वायर जुळलेली असते, मीटर एक ओहमच्या आत दाखवतो आणि माणूस फसतो. बॅटरी काढा, सेन्सरचा आणि मॉड्यूलचा, दोन्ही प्लग सोडवा. मग एकेका वायरीतून, २ अँपिअरचा फ्यूज मधे घालून, १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब वेगळ्या बॅटरीवर पेटवा आणि हार्नेस (वायरींचा जुडगा) वितीवितीनं वाकवत न्या. जिथं बल्ब फडफडला, तिथं दोष. प्लग सोडवलेले नसतील तर हा प्रयोग करूच नका, मॉड्यूल जळेल.

सेन्सर सहसा सबफ्रेमवर (न हलणाऱ्या सांगाड्यावर) असतो, चाकाबरोबर हलणाऱ्या आर्मला फक्त त्याची दांडी. म्हणजे ही वायर फारशी हलायलाच नको. पण मडगार्डच्या लायनरची (आतल्या प्लॅस्टिक अस्तराची) क्लिप तुटली की हार्नेस लोंबतो आणि टायरला घासतो. त्यात आपली काळी माती लायनरमागं साचून कित्येक दिवस ओल धरते. वॉशिंगवाला प्लगवरच प्रेशर मारतो, तेही एक कारण. गाडी कडब्याच्या गंजीजवळ उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेलंही बघा.

पूर्णाकाठ_परभणी:
वायर तुटलेली निघाली तर सोल्डर चालेल का? इथं सगळे तेच करतात.

लातूर_गॅरेज:
चाकाजवळ नको. कथील तारांत वर चढतं, तेवढा भाग ताठ होतो आणि त्याच्या कडेलाच वायर पुन्हा तुटते. तांबं लख्ख दिसेपर्यंत मागं कापा. काळं-हिरवं दिसतंय तोवर थांबू नका, कारण पाणी इन्सुलेशनच्या आतून वर जातं. त्याच जाडीची ऑटो वायर घ्या. क्रिम्प (दाबून बसवायचा) जोड आणि त्यावर गोंदवाली हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी). जोड एकाच जागी नकोत, ४-५ सेंटिमीटर मागंपुढं ठेवा. काळी टेप आपल्या उन्हाळ्यात चिकट होऊन सुटते, वरून कापडी टेप मारा. पिन हिरवी असेल तर वायरीसकट नवा प्लग लावा. प्लगच्या आधी हार्नेसला खाली वळसा द्या, म्हणजे पाणी प्लगमध्ये न जाता निथळतं. तुटलेल्या क्लिपाही नव्या टाका, नाहीतर पुन्हा घासणार.

संभाजीनगर_स्कॅन:
सेन्सर नवा टाकलाय, मग कॅलिब्रेशन (नव्या सेन्सरला खरी उंची शिकवणं) केलं का? नसेल तर वायर दुरुस्त होऊनही गाडी एका कोपऱ्यावर कलेल. टायरची हवा बरोबर करा, सपाट फरशीवर घ्या आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारी बाजूंना मिलिमीटरमध्ये मोजून स्कॅनरमध्ये भरा. जमिनीपासून मोजू नका, टायरची झीज त्यात येते. हेडलाइटची लेव्हलही याच सेन्सरवर चालत असेल तर ती नंतर तपासा.