नोझलमधील वायूचे काम पत्रा थंड ठेवण्यापुरते नाही
लेसरने धातूचा पत्रा कापताना नोझलमधून (लेसरचा किरण जिथून बाहेर पडतो त्या तोंडातून) सुटणारा वायू केवळ पत्रा थंड ठेवण्यासाठी असतो, असे काहीजण म्हणतात; ते मला पटत नाही. वितळलेला धातू कापाच्या फटीतून खाली उडवून लावणे हे त्याचे मुख्य काम आहे; शिवाय साध्या पोलादासाठी ऑक्सिजन वापरला, तर तापलेले लोखंड त्यात अक्षरशः जळते आणि कापण्यास लागणाऱ्या उष्णतेचा मोठा वाटा त्या ज्वलनातूनच मिळतो. १९६७ साली इंग्लंडमध्ये पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी कार्बन डायऑक्साइड लेसरने १ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा कापून दाखवला, तो याच ऑक्सिजनच्या बळावर; त्यांचा लेसर अवघा ३०० वॉटचा होता.

मात्र ऑक्सिजनने कापलेल्या कडेवर ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तो घासून न काढता पावडर कोटिंग (भुकटीच्या रंगाचा तापवून पक्का केलेला थर) केले, तर रंग कडेपासून पापुद्र्यासारखा सुटू लागतो. आमच्या नक्षीदार जाळीच्या दरवाजाचे नेमके हेच झाले (आणि बोल मात्र रंगकाम करणाऱ्याला लागला). स्टेनलेस स्टीलसाठी म्हणूनच जास्त दाबाचा नायट्रोजन वापरतात. तो ज्वलनाला हातभार लावत नाही, त्यामुळे सगळी उष्णता लेसरलाच पुरवावी लागते आणि वायूही भरपूर खर्च होतो, पण कड चकचकीत राहते.