पुढचं एकच चाक तापतंय: कॅलिपरचं काम घरी करावं का?

वॅगनआर_रत्नागिरी
नमस्कार मंडळी. पेट्रोल वॅगनआर आहे, वॉरंटी कधीच संपलीय. ऑइल, फिल्टर, प्लग ही कामं घरीच करतो आणि त्यात मजाही येते. पाऊस संपल्यापासून पुढचं डावं चाक उजव्यापेक्षा बरंच जास्त तापतंय. न्यूट्रलला टाकली तर गाडी पूर्वीसारखी घरंगळत नाही. हळू चालवताना बारीक किरकिर येते, ब्रेक दाबला की ती बंद होते. पेडल घट्ट आहे, ब्रेक ऑइल किंचित खाली गेलंय. गॅरेजमध्ये म्हणाले, दोन्ही कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारी पकड) बदला. ब्रेकच्या कामाला घरी हात घालावा का? घालायचा तर सुरुवात कुठून करू?

सोळाचा_पाना
कॅलिपरची ऑर्डर आत्ताच देऊ नका. आधी नेमकं काय जाम झालंय ते शोधा, त्याला दहा मिनिटं पुरतात.

जागा सपाट हवी. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून अडणी लावा. नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा, मग जॅक लावा. गाडी स्टँडवर टेकवल्याशिवाय चाक काढायचं नाही. स्टँडऐवजी विटा रचू नका, वीट न सांगता फुटते. काढलेलं चाक गाडीच्या दाराखालच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा.

चाक काढण्याआधी गियर न्यूट्रलला टाका, कुणाला तरी ब्रेक दाबून सोडायला सांगा आणि चाक हाताने फिरवा. पॅड किंचित घासणं चालतं, पण दोन्ही हातांचा जोर लागत असेल तर ब्रेक अडकलाय. आता चाक काढा, ब्लीडरला (कॅलिपरवरचा ऑइल सोडायचा छोटा स्क्रू) पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक थोडं ब्रेक ऑइल घेतलेल्या बाटलीत बुडवा. ब्लीडर पाव फेरा उघडा आणि लगेच बंद करा. एवढ्याने डिस्क मोकळी फिरली तर प्रेशर कुठेतरी अडकून राहतंय. बहुधा होजपाइप (कॅलिपरकडे ऑइल नेणारी रबरी नळी) आतून फुगलेला असतो, तसं असेल तर नवा कॅलिपर बसवूनही चाक तापतच राहील. डिस्क तरीही घट्टच असेल तर पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतो), पिस्टन (ऑइलच्या दाबाने पॅड ढकलणारा) किंवा पॅड जाम आहे.

मग कॅलिपरचा खालचा बोल्ट काढा (गाडीप्रमाणे १२ किंवा १४ चा पाना) आणि कॅलिपर वर उचला. पूर्ण सोडवलात तर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा, होजवर लोंबकळू देऊ नका. आता पॅड काढून शेजारीशेजारी ठेवा. या कामातली खरी गंमत इथे आहे, झीज बघून दोष वाचता येतो:

– आतला पॅड बाहेरच्यापेक्षा खूप झिजलेला: पिन जाम किंवा पिस्टन मागे येत नाही
– बाहेरचा जास्त झिजलेला: दाबताना कॅलिपर सरकतो, सोडल्यावर परत येत नाही
– एकच पॅड तिरका झिजलेला: दोनपैकी एक पिन जाम

पिन रबरी बूटमधून ओढा. चांगली पिन अंगठ्याने आत जाते आणि सोडल्यावर हवेमुळे थोडी बाहेर येते. गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने पुसा, खड्डे पडले असतील तर पिन बदला. भोक बारीक ब्रशने आणि ब्रेक क्लीनरने साफ करा. मग ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस पातळ थरात लावा. भोकात ग्रीस ठासलं तर हवा कोंडते आणि पिन आतच जात नाही. वरची-खालची पिन कधीकधी वेगवेगळी असते, एकीवर रबरी बुश असतो. त्यांची अदलाबदल करू नका.

ऑइलची पातळी खाली आहे म्हणून आत्ता टॉप-अप करू नका. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो, म्हणून पातळी उतरते. नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकललात की ऑइल डब्यात परत वर येतं आणि सांडतं. रंगावर पडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलला जातो.

झटपट
एवढा व्याप कशाला? प्रेशरने धुवा, जॉइंटला डब्ल्यूडी-४० मारा, ५ मिनिटांत मोकळं.

खारा_वारा_पणजी
झटपट, ते अजिबात करू नका. तेलकट स्प्रे पॅडवर किंवा डिस्कवर गेला तर पॅड फेकावे लागतात, आणि त्या चाकाचा ब्रेक कमी लागल्याने गाडी एका बाजूला ओढते. साधं चाकाचं ग्रीससुद्धा पिनला नको. खनिज तेलाने बूटचं रबर फुगतं आणि काही महिन्यांत पिन पुन्हा जाम.

रत्नागिरीकर, समुद्राकाठी आणखी एक जागा तपासा, ती पिनच्या नादात सुटते. पॅडचे दोन्ही कान ब्रॅकेटच्या (कॅलिपर धरणारी चौकट) खाचेत पत्र्याच्या क्लिपवर सरकतात. क्लिपखाली गंज धरला की तो फुगून क्लिप वर उचलतो आणि पॅड खाचेत चिमटला जातो. पिन लोण्यासारखी सरकते, तरी चाक तापतंच! क्लिप काढा, खाच वायर ब्रशने किंवा बारीक कानसीने धातू दिसेपर्यंत घासा आणि नव्या क्लिप बसवा. पॅड बोटाने सरकला पाहिजे. हातोडीने ठोकावा लागत असेल तर खाच अजून साफ झालेली नाही. कान घासून बारीक करायच्या भानगडीत पडू नका.

वॅगनआर_रत्नागिरी
उघडलं. ब्लीडर सैल करूनही डिस्क घट्टच. आतला पॅड जेमतेम २ मिमी, बाहेरचा ५. खालची पिन पक्कडने फिरवून काढावी लागली. उजव्या बाजूचे दोन्ही पॅड सारखेच झिजलेत. पिस्टनचं कसं ठरवू?

सोळाचा_पाना
म्हणजे पिनच. ब्लीडर बंद असताना जुना पॅड मध्ये धरून सी क्लॅम्पने पिस्टन हळूहळू आत दाबा. सारखा जोर देऊन सरकत गेला, पिस्टनभोवतीचा रबरी धूळबूट फाटलेला नसेल आणि कडेने ऑइल झिरपत नसेल तर कॅलिपर ठणठणीत आहे. अडकत-अडकत गेला किंवा कडेला गंज दिसला तरच सील किट किंवा नवा कॅलिपर बघा.

पॅड दोन्ही बाजूंचे एकदम बदला. पिना-क्लिपा उजवीकडच्याही साफ करून घ्या. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती मोजून बघा. किरकिर बहुधा पॅडच्या झीजसूचक पत्र्याची होती, तो डिस्कला टेकायला लागला की असाच आवाज येतो.

बोल्ट आधी हाताने आट्यात बसवा, पाना नंतर. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, शेवटचा ताण गाडी जमिनीवर टेकल्यावर. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा, मारुतीच्या छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते १०० न्यूटन-मीटर असतो. पान्याला पाईप लावून ओढून आटे घालवू नका.

आणि गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा. पिस्टन मागे गेलेला असतो, त्यामुळे पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जातं. अंगणातली गाडी समोरच्या भिंतीवर जाते ती याच वेळी. ब्लीडर उघडला होता, म्हणून त्या चाकाचं ब्लीडिंगही (ऑइलमधली हवा काढणं) करून घ्या. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या टोपीवर लिहिलेल्या ग्रेडचं, सीलबंद डब्यातलं ऑइल वापरा. उघडा डबा ओलावा धरतो.

मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून रिकाम्या रस्त्यावर ताशी ५० किमीवरून १५ पर्यंत मध्यम जोराने ८-१० वेळा वेग कमी करा, मध्ये गार व्हायला अंतर द्या. परत आल्यावर दोन्ही चाकांजवळ हात नेऊन बघा, ऊब सारखी असायला हवी.