एस ऑफ बेस: लिनच्या माघारीमुळे गट मोडला, की त्याआधीच त्याला तडा गेला होता?

नीरजा_क
यूनास, येन्नी आणि मालिन (जगासाठी लिन) ही तीन बेर्ग्रेन भावंडे आणि त्यांचा मित्र उल्फ एकबर्ग हे स्वीडनमधल्या गोथेनबर्गचे चौघे म्हणजे एस ऑफ बेस हा पॉप गट. लाजाळू लिनने हळूहळू अंग काढून घेतले म्हणून हा गट संपला, असे सर्रास लिहिले जाते. मला ते अन्यायाचे वाटते.

त्यांची ध्वनिफीत निर्माता डेनिझ पॉप याच्या गाडीच्या टेपरेकॉर्डरमध्ये अडकली, त्यामुळे न आवडलेले गाणेही त्याला रोज ऐकावे लागले आणि त्यातूनच ‘ऑल दॅट शी वॉन्ट्स’ घडले, ही कथा प्रसिद्ध आहे. ते गाणे आजही लक्ष देऊन ऐकावे. खाली रेगेचा संथ ठेका आहे, सुरावट उदास आहे आणि लिनचा आवाज कुठेही थरथरत नाही. ओळ संपते तिथे ती स्वर सोडून देते, त्याला सजवत नाही. मे १९९३ मध्ये हे गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. पुढच्याच वर्षी ‘द साइन’ने अमेरिकेत सहा आठवडे अग्रस्थान राखले आणि बिलबोर्ड मासिकाच्या वार्षिक यादीतही ते पहिले आले. त्याच १९९४ मध्ये एक जर्मन चाहती चाकू घेऊन बेर्ग्रेन कुटुंबाच्या घरात शिरली आणि आई जखमी झाली. एवढे सोसलेल्या मुलीने प्रकाशझोतातून मागे सरकण्याला ‘माघार’ कसे म्हणायचे? १९९५ च्या ‘द ब्रिज’ या अल्बममध्ये तिने स्वतः ‘स्ट्रेंज वेज’ आणि ‘व्हिस्पर्स इन ब्लाइंडनेस’ ही गाणी लिहिली. गाणे तिला नकोसे झाले नव्हते. त्याभोवतीचा गदारोळ आणि संगीत व्यवसायाची घाई नकोशी झाली असावी.

अनिरुद्ध_सप्तक
नीरजाताई, त्या हल्ल्याबद्दल तुम्ही लिहिलेत ते पटले, पण गदारोळाला आणि त्यामागच्या घाईला दोष देताना एक गोष्ट निसटते. पहिल्या अल्बमच्या अमेरिकन आवृत्तीसाठी अरिस्टा या संगीत कंपनीने आणखी गाणी मागितली नसती, तर ‘द साइन’ आपल्यापर्यंत पोहोचलेच नसते. ते यूनासने लिहिले आणि मागणीच्या दडपणाखालीही उत्तम लिहिले. शिवाय गटाला प्रथम आधार दिला तो कोपनहेगनच्या मेगा रेकॉर्ड्सने. ज्या व्यवसायाने हे चौघे जगासमोर आणले, त्यालाच सरसकट खलनायक ठरवता येत नाही.

दुसरे असे की, गट लिनमुळे मोडला हे तारखांशीही जुळत नाही. १९९८ च्या ‘फ्लॉवर्स’ अल्बममध्ये मुख्य आवाज बव्हंशी येन्नीचा होता, २००२ मध्ये ‘दा कापो’ आला, लिन कायमची बाहेर पडल्याचे २००७ मध्ये स्पष्ट झाले आणि उरलेले तिघे तरीही मंचावर उभे राहिले. खरा शेवट २००९ मध्ये येन्नीही बाजूला झाली तेव्हा झाला. पुढच्या वर्षी दोन नव्या गायिकांसह ‘द गोल्डन रेशो’ आला, पण जुन्या श्रोत्यांना हवे असलेले बहिणींचे आवाज त्यात नव्हते.

मेघमल्हार७
तुम्ही दोघेही माणसांबद्दल बोलता आहात आणि संगीत बाजूला पडते आहे. डेनिझ पॉप आणि त्याचा शिष्य मॅक्स मार्टिन यांनी मिळून ‘ब्यूटिफुल लाइफ’ घडवले आणि त्यांच्याच स्टॉकहोममधल्या चेरॉन स्टुडिओतून थोड्याच काळात बॅकस्ट्रीट बॉइज या अमेरिकन गटाची गाणी बाहेर पडू लागली. ऑगस्ट १९९८ मध्ये डेनिझ पॉप कर्करोगाने वारला. ज्या कारागिरीवर एस ऑफ बेस उभा होता ती दुसऱ्यांच्या हाती गेली, हे माझ्या मते ऱ्हासाचे मोठे कारण आहे.

नीरजा_क
येन्नीबद्दल अनिरुद्ध म्हणतात ते मला मान्य आहे. २००९ ची गोष्ट मी विसरायला नको होती. डेनिझ पॉपचा मुद्दाही वजनदार आहे, परंतु तो गाण्यांची लाट का ओसरली ते सांगतो, ही भावंडे का विखुरली ते सांगत नाही. ‘फ्लॉवर्स’चे मुखपृष्ठ पुन्हा पाहावे, अशी दोघांनाही विनंती आहे. त्यावर लिन आहे, पण तिचा चेहरा धूसर आहे. ती दूर जात असल्याचे त्या चित्रात उघड दिसत होते. तरीही तिची प्रत्यक्ष रजा आणि हे चित्र यांमध्ये नऊ वर्षे गेली. लिनने गट मोडला असे म्हणणाऱ्यांनी त्या नऊ वर्षांचा हिशेब द्यावा.